जांभळ्या डागाचा माग

‘फिलाडेल्फिया’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना कोर्टातला एक प्रसंग विसरता येणार नाही. एड्स झाल्याचं कळल्यावर नोकरीवरून काढलेला तरुण वकील साक्ष देतो आहे. त्याची बाजू मांडणारा वकील त्याला शर्टाची बटणं काढायला सांगतो, आणि टॉम हँक्सच्या छातीवरचे काळसर-जांभळे डाग सगळं कोर्ट पाहत राहतं. या डागांचं वैद्यकातलं नाव कापोसी सार्कोमा. ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये या डागांनी हजारो तरुणांचा आजार चारचौघांत उघडा पाडला. नाकाच्या शेंड्यावर, पापणीवर, कपाळावर असा एक डाग उठला की वेगळं काही सांगावं लागत नसे. कुणाची नोकरी जायची, कुणाला घर खाली करावं लागायचं.

हा चित्रपट १९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेत लागला. एड्स एचआयव्हीमुळे होतो हे तोवर जवळजवळ दहा वर्षं माहीत होतं. पण हा डाग, म्हणजे मुळात हा कर्करोग, कशाने होतो हे जगात कुणालाही सांगता येत नव्हतं. उत्तराचा धागा हाती लागला तो बरोबर वर्षभराने, १६ डिसेंबर १९९४ च्या ‘सायन्स’ साप्ताहिकात. तिथे जे छापून आलं ते होतं एका अनोळखी विषाणूच्या डीएनएचे दोन छोटे तुकडे सापडल्याचं वर्तमान. गाठीत विषाणू सापडणं आणि ती गाठ त्या विषाणूनेच केली हे सिद्ध होणं, यांच्यात मोठा पल्ला असतो. तो पल्ला कसा काटला गेला, त्यात कोण चुकलं, कोणाचं अनुमान खरं ठरलं, हे पाहण्यासारखं आहे. आणि त्यासाठी मागे जायचं तर थेट व्हिएन्नापर्यंत जावं लागतं.

मोरित्झ कोन हा हंगेरीतल्या कापोशवार गावी १८३७ साली जन्मलेला मुलगा. व्हिएन्नाला येऊन तो डॉक्टर झाला, त्वचारोगांचे त्या काळातले मोठे आचार्य फेर्डिनांड फॉन हेब्रा यांच्या हाताखाली शिकला, पुढे त्यांचा जावई झाला. १८७१ साली त्याने आपलं आडनाव बदलून गावाच्या नावावरून कापोसी असं घेतलं. दुसऱ्याच वर्षी त्याने पाच पुरुष रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. पावलांवर, पायांवर निळसर-तांबूस डाग, त्यांच्या हळूहळू गाठी होत जाणं, मग हातांवर तेच. त्यांतला एक रुग्ण सव्वा वर्षात दगावला आणि शवविच्छेदनात तशाच गाठी फुप्फुसात आणि आतड्यात मिळाल्या. कापोसीच्या लक्षात आलं की हा नुसता कातडीचा विकार नाही. रोगाला त्याचं नाव १८९१ साली दुसऱ्या एका त्वचारोगतज्ज्ञाने सुचवलं.

या गाठीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर काय दिसतं ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. दोन्ही टोकांना निमुळत्या, लांबट पेशींचे झुबके दिसतात. त्यांच्या मधोमध फटींसारख्या चिंचोळ्या, अर्धवट बनलेल्या रक्तवाहिन्या. त्या फटींतून तांबड्या पेशी बाहेर पाझरलेल्या, काही ठिकाणी फुटून त्यांतलं लोह तपकिरी कणांच्या रूपात साचलेलं. डाग आधी गुलाबी, मग जांभळा आणि शेवटी तपकिरी होतो तो या पाझरलेल्या रक्तामुळे. सावळ्या कातडीवर तो काळाच दिसतो. आजूबाजूला दाह झाल्यावर जमतात तशा पांढऱ्या पेशींची गर्दी. बहुतेक कर्करोगांत एका चुकार पेशीची संतती बेसुमार वाढलेली दिसते, तसं इथे दिसत नाही. अंगावर दहा ठिकाणी एकाच वेळी डाग उठतात आणि त्यांतला मूळ कोणता हे ठरत नाही. त्यामुळे हा खरोखर कर्करोग आहे की शरीराने कशाला तरी दिलेली विचित्र प्रतिक्रिया, यावर पॅथॉलॉजिस्टांचे वाद शंभर वर्षं चालले.

युरोपात हा म्हाताऱ्यांचा रोग होता. इटली, ग्रीस, पूर्व युरोपातले ज्यू. रोग इतका सावकाश वाढायचा की अनेकांना शेवटी दुसऱ्याच कशाने मरण येई. मग विसाव्या शतकाच्या मध्याला आफ्रिकेतले डॉक्टर सांगू लागले की आमच्याकडे तर हा रोजचा आहे. युगांडा आणि पूर्व काँगोच्या काही भागांत दर दहा-अकरा कर्करुग्णांमागे एकाला कापोसी सार्कोमा निघत होता. तो लहान मुलांनाही व्हायचा, मानेतल्या-काखेतल्या गाठी सुजून वर्ष-दोन वर्षांत मूल दगावायचं. १९६१ साली कंपाला इथे या एका रोगावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. कंपालातच त्या सुमाराला डेनिस बर्किट हे शल्यविशारद मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या गाठीचा माग नकाशावर काढत होते. त्या गाठीत १९६४ साली एपस्टाइन-बार विषाणू सापडला आणि माणसातल्या कर्करोगाशी विषाणूचा संबंध असू शकतो हे पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं. तो विषाणू हर्पीस कुळातला. कांजिण्या, नागीण, तापानंतर ओठांवर उठणारे फोड, हे सगळं याच कुळाचं काम. एकदा शरीरात शिरले की हे विषाणू जन्मभर दडून राहतात.

साहजिकच कापोसी सार्कोमातही असाच कुणीतरी असेल असं अनेकांना वाटलं. १९७२ साली, कापोसीच्या निबंधाला शंभर वर्षं होत असताना, गाएतानो जिराल्दो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाठींतून वाढवलेल्या पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हर्पीस कुळातल्या विषाणूचे कण पाहिले. पुढे तो सायटोमेगॅलो विषाणू असल्याचं निष्पन्न झालं. हा विषाणू जगातल्या बहुसंख्य प्रौढांच्या अंगात असतोच. तरीही पुढची वीस वर्षं कित्येक प्रयोगशाळा त्याच्याच मागे होत्या. मला यात त्या शास्त्रज्ञांचा दोष दिसत नाही. कूळ त्यांनी बरोबर ओळखलं होतं, माणूस चुकीचा धरला. पण गाठीत काहीतरी सापडलं की त्यालाच कारण म्हणायची घाई किती महाग पडते याचा हा नमुना पुढच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहिला, आणि १९९४ नंतर जी संशयखोर, कटकटीची तपासणी झाली तिच्यामागे हीच आठवण होती.

दरम्यान आणखी एक खूण दिसून गेली होती. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात. १९६९ पासून अशा रुग्णांत कापोसी सार्कोमाच्या नोंदी होऊ लागल्या. औषध कमी केलं की काहींचे डाग आपोआप मावळत. कर्करोग असा मावळत नसतो. म्हणजे ज्याला शरीराची प्रतिकारशक्ती एरवी दाबून ठेवते असं काहीतरी त्या डागाच्या मुळाशी असणार. खूण स्पष्ट होती, पण रुग्ण मूठभर होते.

मग १९८१ साल उजाडलं. ३ जुलैला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रकात न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या २६ समलैंगिक पुरुषांना कापोसी सार्कोमा झाल्याची नोंद आली. वयं २६ ते ५१. म्हाताऱ्यांचा मंद रोग ऐन तारुण्यातल्या माणसांना झाला होता, आणि २६ पैकी आठ जण निदानानंतर दोन वर्षांच्या आत गेले होते. त्याच दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ४१ रुग्णांची बातमी दिली. हे रुग्ण जोडून पाहणाऱ्यांत न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ अॅल्विन फ्रीडमन-कीन होते आणि त्यांच्याबरोबर लिंडा लॉबेनस्टाइन नावाची रक्तविकारतज्ज्ञ होती. लहानपणीच्या पोलिओमुळे ती चाकाच्या खुर्चीवर असे, आणि ज्यांना हात लावायला इतर कचरत अशा रुग्णांसाठी ती त्याच खुर्चीवरून शहरभर धावपळ करी. हा रोग कशाने होतो ते कळण्याआधीच, १९९२ साली, ती वारली. तिने तपासलेल्या पहिल्या रुग्णांपैकी कित्येकांना तर एचआयव्ही हे नावही ऐकायला मिळालं नाही.

आफ्रिकेतही चित्र पालटत होतं. झांबियात लुसाकाच्या रुग्णालयात अॅन बेली या शल्यविशारद वर्षानुवर्षं कापोसी सार्कोमाचे रुग्ण पाहत होत्या. १९८३ पासून त्यांना काही रुग्ण वेगळेच दिसू लागले: डाग झपाट्याने पसरणारे, उपचारांना दाद न देणारे, तरुण स्त्री-पुरुष. जुना ओळखीचा रोग नव्या रूपात आला आहे हे त्यांनी नुसत्या तपासणीवरून ओळखलं. मला ही गोष्ट थोर वाटते, कारण त्यांच्याकडे ना कोणती चाचणी होती ना यंत्र. होती ती वर्षानुवर्षांची नजर.

१९८३-८४ मध्ये एचआयव्ही सापडला तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, झालं, सगळ्याचं मूळ मिळालं. एचआयव्हीचंच एक प्रथिन या पेशी वाढवतं अशीही मांडणी झाली आणि तिला प्रयोगांचा थोडा आधारही होता. ती मोडली ती कुठल्या प्रयोगशाळेने नाही, एका आकडेमोडीने. ऑक्सफर्डच्या व्हॅलरी बेरल या साथरोगतज्ज्ञ बाईंनी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या तिघा सहकाऱ्यांबरोबर ३१ मार्च १९८९ पर्यंत नोंदलेले ९०,९९० एड्सरुग्ण चाळले. त्यांतल्या १३,६१६ जणांना कापोसी सार्कोमा होता. प्रतिकारशक्ती सगळ्यांचीच ढासळली होती, एचआयव्ही सगळ्यांच्याच अंगात होता. मग डाग सगळ्यांना सारख्या प्रमाणात उठायला हवे होते. तसं नव्हतं. समलैंगिक किंवा उभयलैंगिक पुरुषांत हे प्रमाण २१ टक्के होतं, तर रक्तातून एचआयव्ही गेलेल्या हीमोफिलियाच्या रुग्णांत अवघं १ टक्का. स्त्रियांतही ज्यांचे जोडीदार उभयलैंगिक पुरुष होते त्यांच्यात ते जास्त. न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियात, जिथे साथ आधी सुरू झाली तिथे, जास्त. बेरल यांनी १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की यामागे लैंगिक संबंधातून पसरणारा दुसराच कुणी संसर्गजन्य घटक असावा. त्याच वर्षी फ्रीडमन-कीन यांनी एचआयव्ही नसलेल्या सहा समलैंगिक पुरुषांतला कापोसी सार्कोमा प्रसिद्ध केला. न पाहिलेल्या विषाणूचं वर्णन नुसत्या रुग्णांच्या याद्यांवरून तयार झालं होतं. या सगळ्या हकिकतीत बुद्धीचं सर्वांत सुंदर काम कोणतं असं मला विचाराल तर मी याच निबंधाकडे बोट दाखवीन.

आता तो दुसरा कोण? नावं पुष्कळ पुढे आली. सायटोमेगॅलो होताच. हर्पीसचा सहावा प्रकार, चामखिळी करणारा पॅपिलोमा विषाणू, मायकोप्लाझ्मा नावाचे सूक्ष्म जीवाणू, शिवाय समलैंगिक पुरुषांच्या नाचघरांत हुंगली जाणारी नायट्राइट रसायनं. प्रत्येक वेळी पद्धत एकच: आधी संशयित ठरवायचा, मग तो गाठीत आहे का ते पाहायचं. जो आजवर कुणाला ठाऊकच नाही तो अशा रीतीने कधीच सापडणार नव्हता.

वेगळी वाट धरली ती एका जोडप्याने. पॅट्रिक मूर हे साथरोगतज्ज्ञ, युआन चँग मेंदूच्या विकारांच्या पॅथॉलॉजिस्ट, दोघं नवरा-बायको. १९९३ साली कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतल्या निकोलाय लिसित्सिन आणि मायकल विग्लर यांनी डीएनएतला फरक शोधायची एक नवी रीत प्रसिद्ध केली होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात चँग आणि मूर यांनी ती या डागाला लावून पाहायचं ठरवलं. रीत अशी. एकाच रुग्णाच्या डागातला डीएनए घ्यायचा आणि त्याच्याच निरोगी कातडीतला घ्यायचा. दोन्ही ठरावीक जागी कापून तुकडे करायचे. डागाकडच्या तुकड्यांच्या टोकांना डीएनएचीच एक छोटी खूण जोडायची. मग त्यात निरोगी बाजूचे तुकडे कित्येक पटींनी मिसळून सगळं तापवायचं, म्हणजे प्रत्येक तुकड्याचे दोन धागे सुटे होतात, आणि पुन्हा निवू द्यायचं. निवताना प्रत्येक धागा आपला जुळणारा जोडीदार शोधतो. जो तुकडा दोन्हीकडे आहे त्याला खूण नसलेला, निरोगी बाजूचा जोडीदारच आधी भेटतो, कारण तोच भरमसाट आहे. जो तुकडा फक्त डागात आहे त्याला डागातलाच जोडीदार मिळतो, आणि दोन्ही धाग्यांच्या टोकांना खूण असलेली जोडी तयार होते. पीसीआर या डीएनएच्या प्रती काढणाऱ्या तंत्राने नेमक्या अशाच जोड्या वाढवायच्या. हीच फेरी पुन्हा पुन्हा करायची. तांदूळ निवडताना आपण खडे वेचतो. इथे सगळे तांदूळ आपोआप बाजूला होत जातात आणि खडा उरतो. खडा कसा दिसतो हे आधी माहीत असण्याची गरजच नाही.

माणसाचा डीएनए तीन अब्ज अक्षरांचा. त्यातून एका एड्सरुग्णाच्या डागातले चार तुकडे उरले. त्यांतले दोन कामाचे नव्हते, ते कुठेही सापडत होते. उरलेले दोन, एक ३३० अक्षरांचा आणि एक ६२७ अक्षरांचा, माणसाचे नव्हते. ज्ञात विषाणूंशी ताडून पाहिल्यावर ते एपस्टाइन-बार विषाणू आणि खारमाकडांतला एक हर्पीस विषाणू यांच्याशी मिळतेजुळते निघाले, पण दोघांपैकी कुणाचेच नव्हते. मग त्यांनी दुसरे नमुने तपासले. एड्सरुग्णांच्या २७ कापोसी गाठींपैकी २५ मध्ये हे तुकडे होते. कापोसी नसलेल्या एड्सरुग्णांच्या ३९ नमुन्यांपैकी सहांत होते. एड्स नसलेल्यांच्या नमुन्यांत नव्हते. लेखाच्या मथळ्यात त्यांनी ‘विषाणू सापडला’ असं म्हटलं नाही. ‘हर्पीस विषाणूसारख्या डीएनएचा क्रम’ एवढंच लिहिलं. हा संयम मला त्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

आक्षेप लगेच आले आणि ते रास्तच होते. एड्समध्ये प्रतिकारशक्ती गेली की दडलेले कित्येक विषाणू डोकं वर काढतात. हाही त्यांतलाच एक नुसता सहप्रवासी नसेल कशावरून? गाठीतल्या पेशींत त्याला राहायला बरं वाटत असेल, इतकंच. निरोगी माणसांच्या वीर्यात तो सर्रास सापडतो असे दावे झाले, म्हणजे मग तो सायटोमेगॅलोसारखा सर्वांकडेच असणार. पण इतर प्रयोगशाळांना ते दावे पुन्हा करून दाखवता येईनात. पीसीआर इतका तरल असतो की हवेतल्या एखाद्या कणानेही नसलेलं काही दिसू शकतं. कोविडनंतर हे समजावून सांगायची गरज उरलेली नाही.

मग एकेक पुरावा जमत गेला. १९९५ मध्ये हाच विषाणू एड्स नसलेल्या कापोसी गाठींतही मिळाला: भूमध्य किनाऱ्यावरचे म्हातारे, आफ्रिकेतले रुग्ण, प्रत्यारोपण झालेले, सगळ्यांत. वर्षानुवर्षं वेगवेगळे भासणारे चार रोग एकाच मुळाचे निघाले. १९९६ साली त्याचा सगळा जनुकसंच वाचून झाला आणि त्याचं नाव ‘कापोसी सार्कोमाचा हर्पीस विषाणू’, किंवा माणसातला आठवा हर्पीस विषाणू, असं रूढ झालं. त्या जनुकसंचात एक अजब गोष्ट होती. पेशीला वाढ म्हणणारं, मरू नको म्हणणारं, नव्या रक्तवाहिन्या आण म्हणणारं, अशी कित्येक जनुकं माणसाच्या जनुकांसारखीच होती. विषाणूने ती कधीकाळी आपल्या यजमानाकडूनच उचलली होती. निमुळत्या पेशी, फटींसारख्या रक्तवाहिन्या आणि दाहाची गर्दी असं जे चित्र शंभर वर्षं कोड्यात टाकत होतं, त्याचा अर्थ तिथून लागायला लागला.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र बर्फात होता. सॅन फ्रान्सिस्कोत १९८४ साली एचआयव्हीच्या अभ्यासासाठी शेकडो पुरुषांनी रक्त दिलं होतं आणि ते गोठवून ठेवलेलं होतं. या विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी तयार झाल्यावर ते रक्त बाहेर काढलं गेलं. समलैंगिक संबंध असलेल्या ५९३ पुरुषांपैकी २२३ जणांत प्रतिपिंडं होती. फक्त स्त्रियांशी संबंध असलेल्या १९५ पुरुषांपैकी एकातही नव्हती. आणि ज्यांच्या रक्तात १९८४ साली एचआयव्ही आणि हा विषाणू दोन्ही होते, त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांना पुढच्या दहा वर्षांत कापोसी सार्कोमा झाला. विषाणू आधी, डाग नंतर. इतर अभ्यासांतही हाच क्रम दिसला. सहप्रवासी असता तर तो गाठ झाल्यावर आला असता. ज्यांनी ते रक्त दिलं त्यांच्यातले कितीतरी जण निकाल लागेपर्यंत हयात नव्हते. या ज्ञानावर पहिला हक्क त्यांचा आहे असं मी मानतो.

चाचणीची स्लाइडही पाहण्यासारखी असते. संसर्ग झालेल्या पेशीच्या केंद्रकात हिरवे चमकणारे बारीक ठिपके दिसतात. ते विषाणूच्या एका प्रथिनाचे असतात. हे प्रथिन विषाणूचा डीएनए पेशीच्या गुणसूत्रांना बांधून ठेवतं, त्यामुळे पेशी दुभंगली की दोन्ही लेकींकडे विषाणू आपोआप जातो. गाठीतल्या बहुतेक सगळ्या निमुळत्या पेशींत हा ठिपका मिळतो.

रॉबर्ट कॉख यांनी रोगजंतू ओळखायच्या ज्या अटी घालून दिल्या त्यांत हा विषाणू नीट बसत नाही. तो ज्यांच्या अंगात आहे त्यांतल्या बहुसंख्यांना काहीच होत नाही. तो नुसता टोचून कुठल्या सामान्य प्राण्यात हा रोग हुबेहूब उठवता येत नाही. त्यामुळे कारण ठरवायला दुसरी वाट धरावी लागली: आधी कोण, नंतर काय, विषाणू काढला तर रोग टळतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डोळ्यांच्या एका औषधचाचणीतून मिळालं. एड्सरुग्णांत सायटोमेगॅलोमुळे आंधळेपण येऊ नये म्हणून गॅनसायक्लोव्हीर दिलं जात होतं. १९९९ मध्ये त्या चाचणीचे आकडे पाहताना दिसलं की हे औषध पोटातून घेणाऱ्यांत नवा कापोसी सार्कोमा होण्याचं प्रमाण ७५ टक्क्यांनी आणि शिरेतून घेणाऱ्यांत ९३ टक्क्यांनी घटलं होतं. हर्पीस विषाणूंची वाढ थांबवणाऱ्या औषधाने कर्करोग टळत होता. उठलेल्या डागावर मात्र त्याचा उपयोग नाही, कारण तिथे विषाणू बहुतांशी निजलेला असतो आणि औषध फक्त जागत्याला गाठतं.

बेरल यांचं अनुमान एका बाबतीत थोडं दुरुस्त करावं लागलं. हा विषाणू सर्वांत जास्त सापडतो तो लाळेत, जननेंद्रियांच्या नमुन्यांत फार क्वचित. आफ्रिकेत आई-भावंडांच्या लाळेतून तो लहानपणीच मुलांत जातो, म्हणूनच तिथे मुलांनाही हा कर्करोग होत आला. पश्चिम आफ्रिकेत गांबियात पुष्कळांच्या अंगात हा विषाणू आहे, पण एचआयव्हीच्या सौम्य, दुसऱ्या प्रकाराबरोबर तो आला तर कापोसी क्वचितच होतो. पहिल्या प्रकाराबरोबर सहज होतो. दोघांची सोबत लागते, आणि ती कुणाची यावरही अवलंबून असतं.

आपल्याकडचा अनुभव याला पुष्टी देतो. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली, आणि पुढच्या पंधरा वर्षांत मुंबई, पुणे, सांगली या भागांनी त्याचा मोठा फटका सोसला. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी एचआयव्हीचे असंख्य रुग्ण पाहिले. त्यांना क्षय दिसला, मेंदूज्वर दिसला, नागीण दिसली, तोंडातली बुरशी दिसली. कापोसी सार्कोमा जवळजवळ दिसलाच नाही. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत तो एकेका रुग्णाची नोंद म्हणून येतो. कारण साधं आहे: हा आठवा हर्पीस विषाणू भारतीयांत फार कमी आढळतो. एचआयव्ही भरपूर, पण दुसरा सोबती नाही, म्हणून डाग नाही. एका विषाणूने नसून दाखवलेला हा पुरावा आहे, आणि तो आपल्या दवाखान्यांत कुणी न मांडता मांडला गेला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये या विषाणूला ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटलं आणि २००९ मध्ये ‘निश्चित कर्करोगकारक’. दोन तुकडे सापडल्यापासून निकालापर्यंत पंधरा वर्षं गेली. मधल्या काळात उपचारही बदलले. १९९६ नंतर एचआयव्हीवरची एकत्रित औषधं आली आणि श्रीमंत देशांत हे डाग झपाट्याने दिसेनासे झाले. मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांत इटालियन डॉक्टरांनी नेहमीचं औषध थांबवून सिरोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध दिलं. २००५ साली त्यांनी लिहिलं की १५ पैकी १५ रुग्णांचे डाग तीन महिन्यांत मावळले आणि मूत्रपिंडही टिकलं. चँग आणि मूर यांनी पुढे पिट्सबर्गला जाऊन २००८ साली त्वचेच्याच दुसऱ्या एका कर्करोगातून, मर्केल पेशींच्या, आणखी एक नवा विषाणू काढला. माणसात कर्करोग करणारे विषाणू आज जेमतेम सात मानले जातात. त्यांतले दोन या जोडप्याने शोधले. २०१७ चं पाउल एर्लिख पारितोषिक त्यांना मिळालं.

पण हा रोग संपलेला नाही, तो आपल्या नजरेआड गेला आहे. २०२० साली जगभरात कापोसी सार्कोमाचे सुमारे ३४ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि १५ हजार माणसं दगावली. त्यांतली बहुतेक आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडे: युगांडा, मलावी, झिंबाब्वे, मोझांबिक. तिथे रुग्ण पोहोचतो तेव्हा डाग फुप्फुसात गेलेले असतात आणि पॅक्लिटॅक्सेलसारखं कर्करोगावरचं औषध एचआयव्हीच्या औषधांबरोबर दिलं तर माणूस वाचू शकतो हे सिद्ध असूनही ते हाताशी नसतं. हिपॅटायटिस-बीवर लस आहे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या विषाणूवर लस आहे. कापोसीचा विषाणू सापडून तीस वर्षं उलटली. त्याच्यावर अजून एकही लस नाही, आणि ज्यांना ती हवी आहे त्यांच्याकडे ती विकत घेण्याइतके पैसे नाहीत हे त्यामागचं एक उघड कारण आहे.